धानाच्या वाणाची परीक्षा कोणाच्या बांधीत व्हावी?

मृगाच्या तोंडावर नागपूर जिल्ह्यातल्या मौदा, रामटेक, पारशिवनी किंवा कुही तालुक्यातला शेतकरी कृषी केंद्रातून धानाच्या बियाण्याची पिशवी घरी आणतो, तेव्हा ते वाण त्याच्या गावच्या मातीत, त्याला मिळणाऱ्या पाण्यावर आणि त्याच्या ऐपतीच्या खतावर किती पिकेल, किती दिवसांत निघेल आणि कोणत्या किडीला बळी पडेल, याची मोजून ठेवलेली माहिती त्याच्या हाती बहुधा नसते. दुकानदाराचा शब्द असतो, पिशवीवरचे चित्र असते आणि शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या पिकाची आठवण असते. एवढ्या आधारावर तो घरच्या वर्षभराच्या मिळकतीचा निर्णय घेतो. माझे म्हणणे असे आहे की सरकारी पैशातून शेतकऱ्यांच्या शेतांवर जे प्रयोग होतात त्यांचा हेतूच बदलायला हवा. नवे वाण किंवा लागवडीची नवी पद्धत चांगली आहे हे आधी ठरवून ती लोकांना दाखवण्यासाठी शेत वापरले जाते. ती या गावात, या बांधीत म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात चांगली ठरते का, हे शोधण्यासाठी ते वापरले गेले पाहिजे, आणि त्या शोधात शेतकऱ्याला परीक्षकाचा अधिकार मिळाला पाहिजे.

धानाच्या वाणांची तपासणी देशात होत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. १९६५ मध्ये सुरू झालेल्या आणि हैदराबादहून चालणाऱ्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पात नव्या वाणांची निरनिराळ्या राज्यांतील केंद्रांवर अनेक हंगाम तुलना केली जाते आणि त्या तुलनेत स्थानिक प्रचलित वाणही ठेवलेले असते. पूर्व विदर्भात साकोली आणि सिंदेवाही येथे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे आहेत आणि गादमाशीसारख्या किडीला दाद न देणारे वाण निवडण्याच्या कामात साकोलीसारख्या जागेचे महत्त्व फार मोठे आहे, कारण गादमाशीचे प्रकार प्रदेशागणिक बदलतात आणि एके ठिकाणी टिकलेले वाण दुसऱ्या ठिकाणी तिच्या ताब्यात जाते. या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे. माझा प्रश्न त्यापुढच्या पायरीबद्दल आहे.

संशोधन केंद्रावरची बांधी सपाट असते, पाणी हाताशी असते, निंदणाला माणसे वेळेवर मिळतात आणि पऱ्हे, म्हणजे वाफ्यातली रोपे, एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की रोवणी सुरू होते. गावात यातले एकेक गृहीत ढासळते. पेंचच्या कालव्याला पाणी केव्हा सुटेल, पाऊस आषाढात दडी मारेल का, रोवणीच्या बायकांची टोळी आधी कोणाकडे जाईल, यावर पऱ्ह्याचे वय ठरते, आणि पावसाने ताण दिलेल्या वर्षी चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे पऱ्हे रोवावे लागतात. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, वाणाचे पऱ्हे इतके वाढले की त्याला फुटवे येण्यासाठी लागणारे दिवस वाफ्यातच संपलेले असतात. भारी, म्हणजे उशिरा येणारे, वाण तोच उशीर पुष्कळसा सोसून घेते. म्हणजे केंद्रावर जे वाण पहिले आले ते उशिरा झालेल्या रोवणीत शेवटचे येऊ शकते, आणि यात ना केंद्राचा दोष असतो ना शेतकऱ्याचा. परीक्षा एका परिस्थितीत झाली आणि पीक दुसऱ्या परिस्थितीत घेतले गेले, एवढेच त्याचे कारण असते.

हे अंतर भरून काढण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांना प्रक्षेत्र चाचण्यांचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या शेतांवर तपासणी करण्याचे, काम नेमून दिलेले आहे. प्रत्यक्षात गावकऱ्यांना दिसते ते मात्र प्रात्यक्षिक, आणि त्याची पद्धत ठरून गेलेली असते. शेत रस्त्यालगतचे निवडले जाते, शेतकरी पाण्याची सोय असलेला आणि अधिकाऱ्यांच्या ओळखीचा असतो, बियाण्यासोबत खत, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि कीडनाशक असा संच दिला जातो. पीक चांगले आले की शेतीदिन होतो, छायाचित्रे निघतात आणि आकडा अहवालात जातो. या आकड्यातून काय सिद्ध होते, याचा शांतपणे विचार केला तर उत्तर निराश करणारे आहे. वाण बदलले, खत बदलले, रोवणीचे अंतर बदलले आणि शेतकऱ्याचे लक्षही वाढले. वाढलेल्या उत्पन्नातला कोणता वाटा कशाचा, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. शेजारी त्याच शेतकऱ्याचे नेहमीचे वाण, तेवढ्याच खतावर, त्याच दिवशी रोवलेले नसेल, तर तुलना कशाशी करायची? त्यात मोजणीच्या चुका मिसळतात. धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाच्या कडेच्या, ओळींना ऊन आणि जागा जास्त मिळत असल्याने त्या भरघोस येतात, आणि लहानशा तुकड्यात अशा ओळींचे प्रमाण मोठे असल्याने त्यावरून काढलेले हेक्टरी उत्पादन फुगते. कापणीनंतर लगेच तोललेल्या ओल्या धानाचा आकडा, खरेदी केंद्रावर १७ टक्के ओलाव्याच्या मर्यादेत बसणाऱ्या सुक्या धानाच्या आकड्याशेजारी ठेवला, तर ती तुलना तुलना राहत नाही.

लागवडीच्या पद्धतींबाबत हा गोंधळ अधिकच आहे. मादागास्करमध्ये १९८०च्या दशकात आकाराला आलेली श्री पद्धत, म्हणजे आठ ते बारा दिवसांचे एकेक रोप पंचवीस सेंटिमीटर अंतरावर लावून पाणी आलटूनपालटून देण्याची पद्धत, हिच्यावरून या शतकाच्या पहिल्या दशकात जगभरच्या कृषिशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. त्या वादाचा बराचसा भाग एकाच मुद्द्यावर अडलेला होता: श्री पद्धतीची तुलना शेतकऱ्याच्या जुन्या सवयीशी करायची की शिफारस केलेल्या उत्तम पारंपरिक लागवडीशी? पहिल्या तुलनेत तिचा फायदा ठळक दिसे, दुसरीत तो पुष्कळदा नाहीसा होई. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातल्या दरवेशपुरा गावात २०११ मध्ये हेक्टरी २२.४ टन धान झाल्याचा दावा पुढे आला तेव्हा टाळ्याही पडल्या आणि संशयही व्यक्त झाला. मला त्या शेतकऱ्याच्या मेहनतीवर शंका घ्यायची नाही. परंतु एका तुकड्यावरचा विक्रम, तो कितीही खरा असला, तरी मौद्याच्या शेतकऱ्याने काय करावे या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्याला हवे आहे ते आपल्यासारख्या पन्नास जणांच्या शेतांवर काय झाले याचे उत्तर, आणि त्या पन्नासांत कोणाचे का बिघडले, हेही.

आपल्या राज्यात चारसूत्री लागवड आली, चिखलणी टाळून गादीवाफ्यावर धान टोकण्याची सगुणा पद्धत आली, रोवणी यंत्र आले, आणि मजूर मिळेनासे झाल्यामुळे रोवणी न करता धान थेट पेरण्याची जुनी आवत्याची रीतही काही ठिकाणी पुन्हा सुरू झाली. यांतली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे उपयोगी असणार. चारसूत्रीत युरिया-डीएपीची गोळी रोपांच्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची असते. पाणी बांधीत टिकून राहत असेल तेथे तिचा लाभ समजण्यासारखा आहे, पण पाणी झिरपून जाणाऱ्या हलक्या जमिनीत तोच हिशेब नव्याने मांडावा लागेल. आवत्यात चिखलणी आणि रोवणीचा खर्च वाचतो, मात्र तणाचा आणि करग्याचा म्हणजे जंगली धानाचा त्रास वाढतो. कोणत्या जमिनीत कोणती पद्धत, हे पत्रकावरून ठरवता येणार नाही.

जमिनीचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले जुने शेतकरी कन्हार, मोरंड, खरडी, सिहार अशी जमिनीची नावे घेत आणि प्रत्येकीत धान कसे वागते हे त्यांना ठाऊक असे. एकाच गावात चढावरच्या बांधीतले पाणी आठवडाभरात उतरते आणि तलावाखालच्या बांधीत ते दिवाळीपर्यंत असते; वर हलके धान लावायचे, खाली भारी, ही रीत त्या अनुभवातून आलेली आहे. अशा गावासाठी सरासरीवरून एकच शिफारस काढणे मुळातच चुकीचे आहे. समजा एखादे नवे वाण खोल बांधीत एकरी चार क्विंटल जास्त देते आणि चढावर दोन क्विंटल कमी देते. सरासरीत ते विजयी ठरेल, आणि ज्याची सगळी जमीन चढावर आहे तो शेतकरी त्या विजयाची किंमत मोजेल. चढावरची जमीन बहुधा गावातल्या गरिबाकडे असते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

मग मोजायचे काय? क्विंटल तर मोजायचेच, पण धान पिकवणारे घर केवळ क्विंटलवर चालत नाही. वाण दहा दिवस उशिरा निघाले तर त्यामागे पेरायच्या हरभऱ्याची ओल उडते, आणि उभ्या धानात उतेऱ्याने फेकलेल्या लाखोळी या कडधान्याचे गणितही बदलते. तेव्हा धानाच्या चाचणीत मागच्या पिकाचे उत्पन्न धरले नाही तर निष्कर्ष अपुरा राहतो. बुटक्या वाणाचे तणस, म्हणजे पेंढा, कमी निघते, आणि ज्याच्या दारात बैलजोडी व दोन गाई आहेत त्याला ती तूट विकत घेऊन भरावी लागते. गिरणीत तांदूळ किती अख्खा निघतो आणि कणी किती होते, यावर व्यापारी भाव ठरवतो. उन्हाळी धानाची कणी जास्त होते ही या भागातली जुनी तक्रार आहे. सरकारी खरेदीत भरडाईसाठी क्विंटलमागे ६७ किलो कच्च्या तांदळाचा हिशेब धरला जातो, पण कोणते वाण शेतकऱ्याच्या हातच्या कापणी-वाळवणीनंतर तेवढा उतारा खरोखर देते, हे गावातल्या चाचणीतून गिरणीवर नेऊन पाहिले जात नाही. २०२५-२६च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये आणि अ दर्जाच्या धानाचा २३८९ रुपये जाहीर झाला. या २० रुपयांच्या फरकात बारीक, खाण्यास चांगल्या धानाची किंमत निघत नाही. म्हणून शेतकरी खरेदी केंद्रासाठी एमटीयू १०१० हे ठोकळ वाण लावतो आणि बाजारासाठी व घरासाठी एचएमटी किंवा जय श्रीराम ही बारीक वाणे राखतो. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगवेगळी पिके आहेत. चाचणीने दोघांना एकाच तागडीत घातले तर तिचा निकाल त्याच्या उपयोगाचा राहत नाही. आणि भाताची चव, शिळ्या भाताचा मऊपणा या गोष्टीही नोंदवहीत आल्या पाहिजेत, कारण घरात खाल्ल्या जाणाऱ्या धानाचा निर्णय शेवटी चुलीपाशी होतो.

रोवणी करणाऱ्या बायकांकडे तर या सगळ्या प्रयोगांनी दुर्लक्षच केलेले आहे. दोरी धरून ठरावीक अंतरावर रोवायचे म्हटले की त्याच एकराला जास्त वेळ लागतो; ठेक्याने रोवणी करणाऱ्या टोळीची मजुरी एकरावर ठरलेली असते, त्यामुळे जास्तीच्या वेळेचा भार त्यांच्या कमरेवर पडतो आणि पद्धत मागे पडते. नंतर अहवालात शेतकऱ्यांची उदासीनता हे कारण लिहिले जाते. टोळीला आधी विचारले असते, वेळ घड्याळाने मोजला असता आणि त्या वेळेची मजुरी हिशेबात धरली असती, तर ती पद्धत परवडते की नाही हे पहिल्याच हंगामात कळले असते. कोणत्या वाणाचे पऱ्हे उपटताना तुटते, कोणत्या धानाच्या लोंब्या कापताना झडतात, हे ज्यांच्या हातांना कळते त्यांचे मत चाचणीत घेतले जात नसेल, तर त्या चाचणीची अर्धी माहिती हरवलेली आहे असे मी समजतो.

शेतकरी परीक्षक होऊ शकतो का, ही शंका तर आपल्या भागात कोणी घेऊच नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या धानात वेगळी दिसलेली रोपे हेरली, त्यांचे बी वेगळे राखले, हंगामामागून हंगाम ते लावून पाहिले आणि त्यातून एचएमटी हे वाण उभे राहिले. पुढे विद्यापीठाने ते शुद्ध करून पीकेव्ही एचएमटी या नावाने प्रसारित केले. दादाजींकडे जमीन जेमतेम दीड एकर होती. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत मिळालेला मान त्यांच्या कामाच्या मानाने तोकडा होता, आणि अशा निरीक्षणाला चाचणीच्या व्यवस्थेत जागा करून देणे हे काम अजून राहिलेले आहे.

अशी जागा दिली की काय घडते, याची उदाहरणे देशातच आहेत. १९९०च्या दशकात गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या आदिवासी भागात शेतकऱ्यांना त्यांच्याच शेतात, त्यांच्याच पद्धतीने निरनिराळी वाणे पिकवून पाहायला दिली गेली, तेव्हा त्यांनी पसंत केले कलिंग-३ हे लवकर येणारे वाण, जे ओडिशासाठी काढलेले होते आणि त्यांच्या राज्यांत ज्याची शिफारसच नव्हती. ओडिशातले दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. दोन आठवड्यांपर्यंत पुराच्या पाण्याखाली राहून तग धरणारे स्वर्णा-सब१ हे वाण २००९ मध्ये प्रसारित झाले आणि २०११ मध्ये तेथील गावांत ते सोडत काढून काही शेतकऱ्यांना दिले गेले, काहींना दिले गेले नाही. सोडतीमुळे दोन्ही गटांची तुलना निर्मळ झाली. त्यातून दिसले की पुरात बुडणाऱ्या सखल जमिनी अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे अधिक असल्याने या वाणाचा लाभ त्यांना जास्त होतो, आणि पुराची धास्ती कमी झाल्यावर शेतकरी खतावर आणि रोवणीवर जास्त खर्च करू लागतात. संशोधन केंद्रावरच्या बांधीत ही दोन्ही उत्तरे कधीच मिळाली नसती.

आपल्याकडे हे कसे करता येईल, याचा एक नमुना आफ्रिकेतल्या मलावीत १९९०च्या दशकात घडलेला आहे. गावात एका ठिकाणी शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली सगळी वाणे शेजारीशेजारी लावायची आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी प्रत्येकी त्यांतली एक-दोनच वाणे आपल्या शेतात आपल्या रीतीने घ्यायची. धानाला तो सहज लागू होतो. प्रत्येक शेतकऱ्याने एकाच बांधीचे दोन भाग करावेत, कोणत्या भागात नवे वाण आणि कोणत्या भागात स्वतःचे, हे चिठ्ठी टाकून ठरवावे, आणि बाकी सारे दोन्हीकडे सारखे ठेवावे. दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा पुरतो. चिठ्ठीचा आग्रह क्षुल्लक वाटेल, पण नवे वाण नकळत चांगल्या कोपऱ्यात लावण्याचा मोह त्याच एका उपायाने टळतो; इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९२०च्या दशकात शेतीप्रयोगांना ही शिस्त लावली. कापणीचे मोजमापही गावाला नवे नाही. सुखात्मे आणि पानसे या आपल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात रुजवलेले पीक कापणी प्रयोग आज विम्यासाठी होतातच. धुऱ्यापासून आत जाऊन ठरावीक मापाचा तुकडा आखणे, कापणे, मळणे आणि वाळल्यावर पुन्हा तोलणे हे सारे गावाने पाहिलेले आहे. नागपुरात १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय आहे. विद्यार्थ्यांची एक तुकडी हंगामभर एका गावात राहून नोंदी करू शकते आणि त्या नोंदींना जमिनीच्या नकाशाची जोड मिळू शकते. दुसऱ्या कोणत्या धानपट्ट्याला इतकी जवळची सोय क्वचितच असेल.

यावर शास्त्रज्ञांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. शेतकऱ्याच्या शेतात इतके घटक एकाच वेळी बदलतात की फरक खरा की योगायोगाचा हे सांगणे अवघड होते. पण त्याला उत्तर शेतांची संख्या वाढवणे हे आहे. एका केंद्रावर चार वेळा केलेली पुनरावृत्ती जे सांगते त्याहून वेगळी आणि अधिक उपयोगी गोष्ट साठ शेतांवर एकेकदा केलेली तुलना सांगते, कारण शेवटी वाण त्या साठ प्रकारच्या शेतांतच जाणार आहे. किडीविरुद्धची प्रतिकारशक्ती किंवा खताच्या मात्रा यांसारखे प्रश्न केंद्रावरच सुटतील, आणि ते तेथेच राहावेत. वेळेचा आक्षेप मात्र मला पटत नाही. तीन हंगाम लागतील हे खरे. परंतु तीन हंगामांच्या तपासणीशिवाय पसरलेले वाण तुडतुड्यांच्या एका वर्षात बसले तर त्याची झळ किती हंगाम सोसावी लागते, हे या भागाने पाहिलेले आहे.

खासगी कंपन्यांच्या वाणांचा प्रश्न वेगळा आणि तातडीचा आहे. बाजारात विकले जाणारे बरेचसे धान बियाणे कंपनीच्या स्वतःच्या लेबलावर विकले जाते आणि त्याची स्थानिक परिस्थितीत त्रयस्थ तपासणी झालेली असतेच असे नाही. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९व्या कलमात अशी तरतूद आहे की नोंदणीकृत वाणाच्या पैदासकाराने दिलेल्या परिस्थितीत अपेक्षित उत्पादन किती, हे शेतकऱ्याला सांगावे, आणि ते न आल्यास शेतकऱ्याला भरपाई मागता यावी. तरतूद न्याय्य आहे, पण तिचा आधार घ्यायचा तर त्या परिस्थितीत ते वाण इतरांच्या शेतावर काय देत होते याचा पुरावा लागतो आणि तो शेतकऱ्याजवळ नसतो. गावोगावच्या सार्वजनिक चाचण्यांत खासगी वाणेही, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देऊन, सामील केली तर तो पुरावा आपोआप तयार होईल. चांगल्या कंपनीला याची भीती वाटण्याचे कारण नाही.

पैशाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो टाळता येणार नाही. आज प्रात्यक्षिकासाठी बियाणे आणि खताचा जो संच फुकट दिला जातो त्याऐवजी शेतकऱ्याला त्याच्या वेळेचा, मोजणीच्या श्रमाचा आणि जोखमीचा मोबदला दिला पाहिजे. नव्या वाणाचा तुकडा शेजारच्या तुकड्यापेक्षा कमी पिकला तर तेवढ्या धानाची किंमत हमीभावाने भरून द्यावी. दोन-तीन गुंठ्यांचा फरक म्हणजे रक्कम लहानच असेल, पण ती मिळेल याची खात्री असेल तरच एक-दीड एकराचा शेतकरी आणि बटईने करणारा माणूस चाचणीत येईल. भरपाईची ही तरतूद नसेल तर पुन्हा तीच रस्त्यालगतची, विहीर असलेली शेते निवडली जातील. आणि निकाल, चांगले आणि वाईट दोन्ही, बांधीच्या प्रकारासह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मे महिन्याच्या ग्रामसभेआधी लागले पाहिजेत, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाणे विकत घेऊन झालेले असते आणि त्यानंतर आलेल्या अहवालाचा त्या हंगामाला काही उपयोग राहत नाही.